गरोदरपणातील व बाळंतपणानंतरचे मानसिक आरोग्य : बाळाबरोबर आईचीही विचारपूस हवी

घरात बाळ जन्माला आले की पाहायला येणाऱ्यांची रीघ लागते. वजन किती भरले, चेहरा कोणावर गेला, दूध पुरते का, रात्री झोपते का, असे प्रश्न विचारले जातात. बाळंतिणीची विचारपूस होते तीही टाके दुखतात का आणि दूध येते का एवढ्यापुरतीच. तिच्या मनाला कसे वाटते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तिने आपण होऊन सांगितलेच तर 'देवाने सोन्यासारखे बाळ दिले, आता रडायचे कशाला?' असे म्हणून तिला गप्प केले जाते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; परंतु त्या एका वाक्याने तिचे तोंड कायमचे बंद होऊ शकते.

गरोदरपणात व प्रसूतीनंतरच्या वर्षात अनेक स्त्रियांना मानसिक आजार होतात. हे आजार ओळखता येतात, त्यांवर उपचार आहेत आणि वेळेवर उपचार झाल्यास बहुसंख्य स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. तरीही आपल्या समाजात या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही. म्हणून या आजारांचे प्रकार, कारणे, लक्षणे व उपचार यांची माहिती आम्ही प्रस्तुत लेखात एकत्रितपणे देत आहोत. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे केव्हा जावे हे कळावे, एवढाच तिचा उद्देश आहे.

हा आजार किती स्त्रियांना होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना व सुमारे १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्याचे प्रमाण सर्वांत मोठे असते. विकसनशील देशांत हेच आकडे अनुक्रमे १५.६ टक्के व १९.८ टक्के आहेत. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला. वीस हजारांहून अधिक मातांच्या या आढाव्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आढळले. म्हणजे साधारणपणे दर पाच बाळंतिणींमध्ये एक. आपल्या वाडीतील, आळीतील वा इमारतीतील गेल्या वर्षभरातील बाळंतिणी डोळ्यांसमोर आणल्या, तर हा प्रश्न दूरचा नाही हे ध्यानी येईल.

आजारांचे प्रकार

'बाळंतिणीला वेड लागले' असा एकच ढोबळ शब्दप्रयोग आपल्याकडे ऐकू येतो. प्रत्यक्षात त्यात चार निरनिराळ्या अवस्था मोडतात. त्यांतील फरक समजून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण एकीला केवळ आधार पुरतो, तर दुसरीला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते.

१) तात्पुरती उदासी : हिला डॉक्टर 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना ती जाणवते. प्रसूतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सुरू होते व चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा जोर असतो. कारण नसताना रडू येते, घटकेत हसू तर घटकेत चिडचिड होते, मन हळवे होते. वार पडल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने घटतात, त्यातच दूध येऊ लागते आणि झोप मोडलेली असते. या साऱ्याचा तो परिणाम होय. विश्रांती व धीर मिळाल्यास ही उदासी दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. औषधाची गरज पडत नाही.

२) नैराश्य : उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकून राहिली, किंवा दिवसेंदिवस वाढत गेली, तर ते नैराश्य असण्याची शक्यता असते. ते गरोदरपणातही सुरू होते आणि प्रसूतीनंतर वर्षभरात केव्हाही डोके वर काढू शकते. मन सतत खिन्न असणे, कशातच गोडी न वाटणे, बाळ झोपले तरी स्वतःला झोप न येणे, अन्नावरची वासना जाणे, थोड्याशा कामानेही गळून जाणे, 'मी चांगली आई नाही' असे वारंवार वाटणे, बाळाबद्दल माया न दाटणे व त्यामुळे मनोमन अपराधी वाटणे, ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगतात. डोके दुखते, कंबर धरली आहे, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी पुनःपुन्हा होत असतील आणि तपासणीत काही निघत नसेल, तर मनाचाही विचार व्हावा.

३) चिंताविकार व मंत्रचळ : काही मातांना उदासीपेक्षा भीती अधिक ग्रासते. बाळ श्वास घेते आहे ना, हे पाहण्यासाठी त्या रात्रभर जाग्या राहतात. काहींच्या मनात नको ते विचार पुनःपुन्हा घुसतात : 'बाळ माझ्या हातून पडले तर?', 'सुरीने त्याला इजा झाली तर?' या विचारांनी ती माता स्वतःच हादरून जाते, सुरी लपवून ठेवते, बाळाला अंघोळ घालण्याचे टाळते. हा मंत्रचळाचा प्रकार आहे. अशा विचारांची तिला किळस व भीती वाटते आणि त्यांपासून बाळाला वाचवण्यासाठी ती धडपडते. ती बाळाला इजा करणार आहे असा याचा अर्थ होत नाही. परंतु लाजेमुळे ती कोणाला सांगत नाही व एकटीच झुरत राहते. यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.

४) प्रसूतीनंतरचा सायकोसिस : हा आजार विरळा, परंतु सर्वांत गंभीर आहे. दर हजार प्रसूतींमागे एक किंवा दोन स्त्रियांना तो होतो. बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, कित्येकदा दोन-तीन दिवसांतच, तो अचानक सुरू होतो. झोप जवळजवळ नाहीशी होते, बोलणे असंबद्ध होते, नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्यांवर संशय येतो, 'हे बाळ माझे नव्हे' किंवा 'या बाळात काही दुष्ट शिरले आहे' अशा कल्पना मनात ठाण मांडतात. घटकेत ती पूर्ववत बोलते, घटकेत पुन्हा भ्रमते. ज्या स्त्रीला पूर्वी द्विध्रुवी मनोविकार झालेला असेल किंवा मागील बाळंतपणात असा त्रास झालेला असेल, तिला धोका अधिक असतो. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. अशा वेळी 'बाहेरची बाधा' समजून अंगारे-धुपारे, उतारे किंवा भगताकडे नेणे यात जाणारा प्रत्येक दिवस आई व बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. तिला व बाळाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. योग्य उपचारांनी या आजारातूनही स्त्रिया चांगल्या बऱ्या होतात.

गोव्यातील अभ्यास काय सांगतो?

या विषयावरील एक मोलाचा अभ्यास आपल्या शेजारीच, गोव्यातील म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात झाला. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स व नंदिता डिसोझा यांनी २७० गरोदर स्त्रियांची शेवटच्या तिमाहीत नोंद घेतली व प्रसूतीनंतर त्यांची पुन्हा भेट घेतली. अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदर असतानाच लक्षणीय मानसिक त्रास होत होता. आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया बाळ सहा महिन्यांचे झाले तरी आजारीच होत्या.

या तीन आकड्यांतून मिळणारा बोध स्पष्ट आहे. बाळंतपणानंतर दिसणारा आजार पुष्कळदा पोटात बाळ असतानाच सुरू झालेला असतो. म्हणजेच त्याला हेरण्याची संधी प्रत्येक मासिक तपासणीच्या वेळी आपल्या हाती असते. आणि 'होईल आपोआप बरे' म्हणून वाट पाहिल्यास तो महिनोन्महिने रेंगाळतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली, जी आपण सर्वांनी अंतर्मुख होऊन वाचावी. गरिबी व पतीशी बिघडलेले संबंध यांमुळे नैराश्याचा धोका वाढत होताच; परंतु बाळ मुलगी आहे की मुलगा, याचाही त्यात वाटा होता. मुलाची अपेक्षा असताना मुलगी झाली, तर पतीची मारहाण किंवा पैशाची ओढाताण यांचा आघात मातेच्या मनावर अधिक तीव्र होत असे. मुलगी झाल्याचे ऐकून ज्या घरात चेहरे उतरतात, त्या घरातील बाळंतिणीच्या आजाराचे एक कारण त्या चेहऱ्यांवरच लिहिलेले असते.

कारणे

या आजाराला एकच एक कारण नसते. संप्रेरकांतील बदल, रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचे बिघाड व अपुरी झोप ही शारीरिक कारणे होत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. म्हणून बाळंतीण खिन्न व थकलेली दिसली, तर हिमोग्लोबिन व थायरॉइड यांची तपासणी अवश्य करून घ्यावी. पूर्वी नैराश्य येऊन गेलेले असणे किंवा माहेरच्या कुटुंबात मानसिक आजार असणे यानेही शक्यता वाढते.

परिस्थितीचा वाटाही तेवढाच मोठा असतो. घरातील मारहाण, पतीचे व्यसन, कर्ज, नको असताना राहिलेले गरोदरपण, आधीचा गर्भपात, अडलेली किंवा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागलेली प्रसूती, कमी वजनाचे किंवा अतिदक्षता विभागात ठेवलेले बाळ, दूध पाजण्यातील अडचणी, माहेरचा आधार नसणे, अशी कितीतरी कारणे सांगता येतील. लग्न होऊन शहरातील वा परदेशातील बंद सदनिकेत राहणाऱ्या, पती कामावर गेल्यावर दिवसभर बाळासह एकट्या असणाऱ्या मुलींची संख्या आज वाढते आहे. त्याउलट भरल्या घरातही एकटेपणा असू शकतो. दहा माणसांत एकानेही तिचे म्हणणे ऐकून घेतले नाही, तर ती एकटीच असते.

दुबळे मन, आळस किंवा विश्वासाची उणीव ही या आजाराची कारणे नव्हेत. मधुमेह झालेल्या माणसाला आपण 'तू देवावर पुरेसा भरवसा ठेवला नाहीस' असे म्हणत नाही. मग नैराश्य आलेल्या मातेलाच तसे का म्हणावे?

आई व बाळावर होणारे परिणाम

उपचाराविना राहिलेल्या नैराश्याची किंमत दोन जीवांना मोजावी लागते. गरोदर स्त्री नीट जेवत नाही, तपासणीस जाण्याचे टाळते. प्रसूतीनंतर दूध पाजणे, लसीकरणाच्या तारखा सांभाळणे, बाळाशी बोलणे-खेळणे यांत खंड पडतो. गोव्यातील वरील संशोधकांनीच २००३ साली दाखवून दिले, की ज्या मातांना नैराश्य होते, त्यांच्या बाळांची सहाव्या महिन्यातील वाढ इतर बाळांच्या तुलनेत अधिक प्रमाणात खुंटलेली होती. बाळाचे वजन भरत नाही म्हणून आपण टॉनिके आणतो. कधी कधी खरा उपचार आईच्या मनाला हवा असतो.

सर्वांत दुःखद परिणाम म्हणजे आत्महत्या. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची काटेकोर चौकशी होते. गरोदरपण संपल्यानंतरच्या सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात, गरोदरपणाशी थेट संबंध असलेल्या मातामृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आत्महत्या हेच असल्याचे तेथे आढळले आहे. 'मी नसते तर बरे झाले असते', 'माझ्याविना बाळाचे चांगले होईल' अशी वाक्ये कानी पडली, तर ती वरवरची समजू नयेत. मरणाचे विचार येतात का, असे मायेने व स्पष्टपणे विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट मनावरचे ओझे उतरते व मदतीचा मार्ग मोकळा होतो.

आजार कसा ओळखावा?

घरच्यांनी दोन साधे प्रश्न लक्षात ठेवावेत. 'गेल्या महिन्याभरात तुला वारंवार उदास किंवा निराश वाटते का?' आणि 'पूर्वी ज्यात आनंद वाटायचा, त्यात आता गोडी वाटेनाशी झाली आहे का?' यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असे आले, तर डॉक्टरांशी बोलावे. प्रश्न एकांतात विचारावेत. सासूबाई व पाहुणे यांच्यासमोर खरे उत्तर येत नाही.

दवाखान्यात वापरण्यासाठी एक प्रश्नावली आहे. 'एडिंबरो प्रसूतीपश्चात नैराश्य मापनपट्टी' या नावाने ती जगभर ओळखली जाते. १९८७ साली स्कॉटलंडमधील जॉन कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तीत गेल्या सात दिवसांतील मनःस्थितीविषयी दहा प्रश्न असून शून्य ते तीस असे गुण मिळतात. तेरा किंवा अधिक गुण आल्यास नैराश्याची दाट शक्यता मानली जाते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकूण गुण कमी असले, तरी या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास त्वरित दखल घ्यावी लागते. ही प्रश्नावली भरायला पाच मिनिटे पुरतात. निदान मात्र तज्ज्ञच करतात.

शासकीय व्यवस्थेतही यासाठी जागा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी भेट देते. या भेटींत बाळाचे वजन होतेच; त्याच वेळी आपल्या मनाची अवस्थाही तिला सांगावी.

उपचार

सौम्य व मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात समुपदेशन व मानसोपचार यांचा चांगला उपयोग होतो. त्यासाठी प्रत्येक वेळी मोठ्या तज्ज्ञाचीच गरज असते असे नाही. पाकिस्तानात ग्रामीण भागातील आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गरोदर स्त्रियांना घरोघरी मानसिक आधार देण्यात आला. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : सहा महिन्यांनंतर, ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्यापैकी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते, तर ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होते.

हाच कार्यक्रम पुढे गोव्यात 'संगत' या संस्थेने राबवला. तेथे तर आरोग्यसेविकाही नव्हत्या. वस्तीतीलच सामान्य स्त्रियांना 'सखी' म्हणून तयार करण्यात आले. नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रियांचा त्या अभ्यासात समावेश होता. सखी घरी जात, ऐकून घेत, मनात येणाऱ्या विचारांकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला शिकवीत, बाळाशी खेळण्याचे व स्वतःकडे लक्ष देण्याचे छोटे छोटे पाठ देत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी सखींची साथ मिळालेल्या गटात बऱ्या झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. शेजारची एक समंजस, प्रशिक्षित बाई उपचाराचा भाग होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले.

आजार तीव्र असेल तर औषधे लागतात. 'गरोदर असताना गोळ्या कशा घ्यायच्या?', 'दूध पाजते तर औषध बाळाच्या पोटात जाईल' अशी भीती बहुतेक घरांत असते. याविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, गरोदरपणात व दूध पाजताना घेता येतील अशी औषधे उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, सर्ट्रालिन हे औषध आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते व म्हणून डॉक्टर त्याला पसंती देतात. दुसरी, काही औषधे, विशेषतः व्हाल्प्रोएट, गर्भाला अपायकारक असतात. म्हणून पूर्वीपासून उपचार चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. तिसरी, दिवस गेल्याचे कळताच चालू औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. त्यामुळे आजार उसळून येऊ शकतो. औषधाच्या धोक्याबरोबर आजाराचाही धोका तराजूत घालावा लागतो आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

आईला रुग्णालयात ठेवावे लागले, तर बाळाचे काय, हा प्रश्न कुटुंबाला सतावतो. बेंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत २००९ साली माता व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू झाला. आई बरी होत असतानाच बाळाशी तिचे नाते जुळत राहावे, हा त्यामागील विचार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करू नये, असे हा कायदा सांगतो. मुलाला धोका असल्याचे मनोविकारतज्ज्ञांचे मत झाले, तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते व त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो.

घरच्यांनी काय करावे?

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, बाळंतिणीने सव्वा महिना विश्रांती घ्यावी, तिला आळिवाची खीर व डिंकाचे लाडू मिळावेत, या आपल्या रीतींमागे आईला जपण्याची जाण आहे. ती जाण जपावी, मात्र रीतीचा तुरुंग होऊ देऊ नये. अंधाऱ्या कोंदट खोलीत महिनाभर कोंडून ठेवणे, तिच्या आवडीचे सारे पदार्थ बंद करणे, मैत्रिणींशी बोलू न देणे, याने खिन्न मन अधिकच खिन्न होते.

झोप हे मोठे औषध आहे. रात्री बाळ दूध पिऊन झाले की ढेकर काढणे, लंगोट बदलणे व झोपवणे ही कामे पतीने किंवा आजीने उचलावीत, म्हणजे आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल. पाहुण्यांची वर्दळ आवरावी. दूध कमी पडते म्हणून तिला बोल लावू नयेत. 'आमच्या वेळी आम्ही पाच मुले वाढवली' ही तुलना टाळावी. त्याऐवजी 'तू दमली आहेस, जरा पड. बाळाला मी घेते' एवढेच म्हणावे. बरे वाटल्यावर सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडे चालणे, सकस जेवण व रोज एका विश्वासू माणसाशी बोलणे यांचा नेम ठेवावा.

बाबांचे मनही दुर्लक्षित राहू नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात सुमारे दहा टक्के पित्यांनाही या काळात नैराश्य येते असे आढळले. पुरुषांत ते चिडचिड, दारू, घराबाहेर अधिक वेळ काढणे अशा रूपांत दिसते.

बाळ गमावलेली आई

गर्भपात झाला, बाळ मृत जन्मले किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले, तर त्या आईला दूध येते, पण कुशीत बाळ नसते. 'दुसरे होईल' हे सांत्वन तिला बोचते. बाळाला पाहण्याची, कुशीत घेण्याची, त्याला नाव देण्याची तिची इच्छा असेल, तर ती मानावी. इच्छा नसेल, तर आग्रह करू नये. तिच्या दुःखाला मुदत घालू नये.

आपल्या भाविक मातांना याच वेळी आणखी एक काळजी पोखरते : स्नानसंस्काराविना गेलेल्या बाळाचे काय? जुन्या पिढीत 'लिम्बो'च्या कल्पनेने कित्येक माता आयुष्यभर झुरल्या. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवते. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाच्या दस्तऐवजात, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे, असे स्पष्ट केले आहे. पालकांचा स्नानसंस्कार देण्याचा मानस होता, परंतु त्याआधीच बाळ गेले, तर स्थानिक बिशपांच्या अनुमतीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधीही करता येतो. ही माहिती त्या आईपर्यंत पोहोचली पाहिजे.

धर्मग्रामात काय करता येईल?

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात या विषयाला अर्धा तास दिला, तर तरुण जोडप्यांना लक्षणे आधीच ठाऊक होतील. लहान ख्रिस्ती समूहातील दोन-तीन अनुभवी स्त्रियांनी नव्या बाळंतिणीच्या घरी डबा घेऊन जावे, अर्धा तास बाळाला सांभाळावे व आईला बोलू द्यावे. कानी आलेली गोष्ट मात्र चारचौघांत नेऊ नये. स्नानसंस्काराचा समारंभ आईच्या प्रकृतीला झेपेल एवढाच ठेवावा.

मंत्रचळाने त्रस्त झालेली माता नको असलेले तेच विचार पाप समजून प्रायश्चित्त संस्कारात पुनःपुन्हा सांगते, असेही घडू शकते. पापासाठी जाणीव व मनाची संमती लागते. न बोलावता घुसणाऱ्या व तिला स्वतःलाच नकोशा वाटणाऱ्या विचारांत अशी संमती नसते. धर्मगुरूंनी तिला हे समजावून डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले, तर तिच्या मनावरचा मोठा भार हलका होईल. प्रार्थना तिला बळ देते. औषध व समुपदेशन हीही देवाने माणसाच्या हाती दिलेली साधनेच आहेत.

मदत कोठे मिळेल?

• टेलिमानस : १४४१६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही.

• आपले प्रसूतितज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ : बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीही आईच्या मनाविषयी बोलता येते. ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवू शकतात.

• शासकीय रुग्णालये : जिल्हा रुग्णालये, मुंबईतील केईएम, नायर, शीव व जे. जे. ही रुग्णालये, तसेच ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानव वर्तन संस्था.

• तातडीच्या वेळी : आई भ्रमिष्टासारखी वागत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे बोलत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. तोपर्यंत तिच्याजवळ कोणीतरी सतत असावे आणि बाळ दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या हाती असावे.

एकदा हा आजार झालेल्या स्त्रीला पुढील बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पुढच्या खेपेस पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी.

वाचकहो, यापुढे कोणा बाळंतिणीला भेटायला जाल, तेव्हा बाळाला पाहण्याआधी दोन मिनिटे तिच्यापाशी बसा. 'तू कशी आहेस? झोप लागते का?' असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दोन आठवड्यांनंतरही तिचे रडू थांबलेले नसेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चला.